कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’ झाला. पण आले कोण होते?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की महाविद्यालयांत स्नेहसंमेलने, श्रमसंस्कार शिबिरे, वक्तृत्व स्पर्धा आणि निरनिराळ्या ‘सप्ताहां’चा हंगाम सुरू होतो आणि आपल्या दैनिकाची जिल्हा पुरवणी त्या बातम्यांनी भरून जाते. गेल्या आठवड्यात अशा अकरा बातम्या मी कापून ठेवल्या. त्यांतले नऊ कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’ झाले होते आणि उरलेले दोन ‘मोठ्या उत्साहात’. पाहुणे कोण होते, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, हे सगळे त्यांत होते. विद्यार्थ्यांविषयी मात्र शेवटी एकच ठरलेले वाक्य होते, ‘कार्यक्रमास विद्यार्थी बहुसंख्येने उपस्थित होते.’ यात मी आपल्या वार्ताहरांना दोष देत नाही. अशा बातम्या महाविद्यालयातूनच लिहून येतात, हे मला चांगले ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. त्यांतली सहा वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते आणि पुढे निवृत्त होईपर्यंत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे काम पाहत होते. ‘बहुसंख्येने’ हा शब्द मी स्वतः किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही.

वर्गाबाहेरच्या या उपक्रमांना मी क्षुल्लक मानत नाही. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धाडस वर्गात आले नाही, ते वाङ्मय मंडळात किंवा शिबिराच्या रात्रीच्या बैठकीत आले. म्हणूनच या उपक्रमांचा उपयोग होतो की नाही, कोणाला होतो आणि किती टिकतो, हे तपासण्याची जी रीत पडली आहे तिच्याविषयी लिहावेसे वाटते. आपण झालेले कार्यक्रम मोजतो आणि आलेली डोकी मोजतो. माझ्या मते सर्वांत आधी मोजायला हवेत ते न आलेले विद्यार्थी.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेची स्थापना १९९४ साली झाली आणि तिने एक चांगली सवय लावली, हे मान्य केले पाहिजे, त्यापूर्वी कित्येक महाविद्यालयांत वर्षभरात काय घडले याचा धड कागदही नसे. तिच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीचा आहे. स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, तक्रार निवारण, क्रीडा आणि सांस्कृतिक सहभाग, माजी विद्यार्थी संघ हे सारे त्यात येते. एनएसएस, एनसीसीचे विस्तारकार्य तिसऱ्या निकषात मांडले जाते. २०१७ मध्ये पद्धत बदलली, संख्यात्मक माहितीचे वजन वाढले आणि प्रत्येक आकड्यामागे कागद जोडणे आले: कार्यक्रमाची सूचना, अहवाल, सह्यांचे हजेरीपत्रक आणि अक्षांश-रेखांश उमटलेला जिओटॅग फोटो. सभागृह निम्मे रिकामे असेल तर मागची मुले उठवून पुढच्या तीन रांगा भरायच्या आणि फोटोग्राफरने व्यासपीठाच्या बाजूने कॅमेरा लावायचा, ही युक्ती महाविद्यालयात नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. असा फोटो कार्यक्रम अमुक ठिकाणी अमुक वेळी झाला हे निर्विवाद सिद्ध करतो. त्यापलीकडचे काही विचारलेच जात नसल्यामुळे त्याची जमवाजमवही कोणी करत नाही.

विद्यार्थ्यांचे मत घेतले जात नाही असे नाही. २०१७ च्या बदलातच विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले, पण एकवीस प्रश्नांची ती प्रश्नावली मुख्यतः अध्यापनाविषयी आहे. अभ्यासेतर उपक्रमांना प्रोत्साहन मिळते का, असा एखादाच प्रश्न तीत सापडतो. बाकी प्रत्येक कार्यक्रमानंतर आपण जो फीडबॅक फॉर्म भरून घेतो त्याची गत काय सांगावी! डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: सहभागी माणसाला कार्यक्रम कसा वाटला, तो त्यातून काय शिकला, त्याच्या वागण्यात काय फरक पडला आणि अखेर त्याचा परिणाम काय झाला. आमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच बसकण मारतो, आणि तिथेही बटाटेवडा गरम असला तर ‘उत्कृष्ट’समोर टिक पडते.

सेवेच्या शेवटच्या काही वर्षांत, वार्षिक गुणवत्ता अहवाल भरता भरता, मी एक उद्योग करून पाहिला. त्या वर्षातल्या चौदा कार्यक्रमांची हजेरीपत्रके कपाटातून काढली. अहवालात आम्ही ‘लाभार्थी विद्यार्थी’ या रकान्यात चौदा कार्यक्रमांची बेरीज १,२६० अशी लिहिली होती, आणि महाविद्यालयाची पटसंख्या चौदाशेच्या आसपास असल्याने वाचणाऱ्याचा समज असा व्हावा की जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत आम्ही पोहोचलो. कार्यालयातल्या एका लिपिकाच्या मदतीने सह्यांसमोरचे रोल नंबर दोन दुपारी बसून एक्सेलमध्ये चढवले आणि एकच नंबर पुन्हा आला असेल तिथे तो एकदाच धरला. उरले २१२. त्यांतले ६१ जण आठ किंवा त्याहून अधिक कार्यक्रमांना हजर होते. ही एकसष्ट नावे मला पाठच होती. वक्तृत्वाला तीच, मतदार जागृतीच्या फेरीला तीच, वृक्षारोपणाला तीच आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी दारात रांगोळीपाशी उभी राहणारीही तीच. एका मुलाचा रक्तगट तर आम्ही तीन वर्षांत तीनदा तपासला होता आणि प्रत्येक वेळी तो नवा लाभार्थी म्हणून मोजला होता. यात कोणी खोटे बोलले नव्हते. बेरीज बरोबर होती. ती सह्यांची होती, माणसांची नव्हती.

मग प्रश्न उरला तो बाकीच्या साडेअकराशेहून अधिक मुलामुलींचा. हे विद्यार्थी उदासीन आहेत, मोबाइलमध्ये गुंतलेले आहेत, त्यांना ‘काही नको असते’, हे प्राध्यापक कक्षातले आवडते उत्तर होते आणि माझेही तेच होते. पुढचे आठ-दहा दिवस मी दुपारी घरी न जाता एस.टी. स्थानकावर जाऊन बसले. तिथे जे कळले ते कळायला स्थानकापर्यंत जाण्याची गरजसुद्धा नव्हती. वेळापत्रकाची पाटी वाचली असती तरी पुरे होते. आमचे कार्यक्रम तासिका संपल्यावर, तीन वाजता ठेवलेले असत. पाहुणे पावणेचारला येत, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय आणि प्रास्ताविक यांत सव्वाचार होत, आणि पलीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या सात-आठ गावांची गाडी सुटायची पावणेपाचला. त्यानंतरची थेट सातला, जी घेऊन घरी पोहोचायला साडेआठ होणार. कोणत्या घरातली अठरा वर्षांची मुलगी रक्तगट तपासण्यासाठी साडेआठला घरी पोहोचेल? एका मुलीने मला सांगितले, ‘मॅडम, मला कविता येतात, पण मला एस.टी.चा पास दिसतो.’ मुलांपैकी बरेच जण दुपारनंतर कुठल्या तरी गॅरेजवर, मेडिकलमध्ये किंवा घरच्या गोठ्यात कामाला जात. आणि एक गट असा होता की त्याला कार्यक्रम असल्याचे कळलेच नव्हते, कारण सूचना ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडत त्यात ती एकसष्ट मुले होती.

पुढच्या वर्षी प्राचार्यांनी बुधवारचा अकरा-चाळीसचा तास सर्व शाखांसाठी मोकळा ठेवला, विज्ञान विभागाची प्रात्यक्षिके थोडी सरकवली आणि कार्यक्रम चौदावरून नऊवर आणले. लाभार्थ्यांची बेरीज घसरली. वेगवेगळे विद्यार्थी मोजले तेव्हा ते ३८८ झाले होते. अहवालाच्या नमुन्यात मात्र ही सुधारणा दाखवायला जागाच नव्हती. नमुन्याच्या हिशेबाने आमची कामगिरी खालावली होती, आणि तसा प्रश्न एका बैठकीत मला विचारलाही गेला.

अलेक्झांडर अॅस्टिन या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९८४ साली विद्यार्थी-सहभागाचा जो सिद्धांत मांडला, त्यात एक साधी कसोटी आहे: एखादी योजना विद्यार्थ्यांचा सहभाग जितका वाढवते तितकी ती परिणामकारक. त्याच्याच दुसऱ्या एका मांडणीत तो म्हणतो की विद्यार्थी येताना काय घेऊन आला होता हे लक्षात न घेता जाताना काय घेऊन गेला एवढेच पाहिले, तर संस्थेचे श्रेय किती हे कळत नाही. आमच्याकडे हीच गफलत सर्रास होते. ‘आमच्या सांस्कृतिक विभागातल्या मुलांचा आत्मविश्वास बघा’ असे आपण अभिमानाने म्हणतो, पण त्या विभागात नाव द्यायला जी मुले आली ती आधीच धीट होती, शाळेत नाटकात होती, बऱ्याचदा शिक्षकांचीच मुले होती. त्यांचा आत्मविश्वास आमच्या खात्यावर जमा करण्याआधी, पहिल्या वर्षाच्या जुलैत ती कशी होती याची काही नोंद आपल्याकडे असायला नको का?

सहभाग मोजला तरी काम संपत नाही, हे मला एका शोषखड्ड्याने शिकवले. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिचा हिशेब तासांचा आहे: वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर. अशाच एका शिबिरात आम्ही दत्तक गावात पस्तीस शोषखड्डे काढले. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि वाळू, आणि सांडपाणी जिथून आत येते तिथे तळाला भोके पाडलेला माठ, म्हणजे खरकटे आणि साबणाचा गाळ माठात अडकून पडावा. मुलांनी जीव ओतून काम केले, हाताला फोड आले, गावाने शेवटच्या दिवशी पुरणपोळीचे जेवण दिले. अहवाल सुंदर झाला. त्यात खड्ड्यांची संख्या होती, श्रमाचे तास होते आणि सरपंचांचे प्रशस्तिपत्र होते.

दोन वर्षांनी पावसाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेले तेव्हा घरोघर फिरून मी ते खड्डे पाहिले. चालू होते नऊ. बाकीचे तुंबून त्यांच्यावर पाणी उभे होते. डास कमी व्हावेत म्हणून काढलेल्या खड्ड्यांवर डास घोंगावत होते. एका आजींनी सांगितले, ‘पोरं गुणी होती बाई, पण तो माठ महिन्याला उपसायचा असतो हे आम्हास्नी कुणी बोललंच न्हाई.’ जे नऊ चालू होते त्यांपैकी बहुतेक घरांतून एखादी सून किंवा मुलगी खड्डा काढताना आमच्या मुलींबरोबर काम करत होती आणि तिने माठाचे कारण विचारून घेतले होते. हे मी दोन वर्षांनी चुकून पाहिले म्हणून कळले. नाही तर माझ्या कागदांत ते शिबिर आजही शंभर टक्के यशस्वी आहे. त्यानंतरच्या शिबिरांत आम्ही खड्डे निम्म्याने कमी केले आणि शेवटचा पूर्ण दिवस घरातल्या बायकांबरोबर माठ उपसून दाखवण्यात घातला. मुलांना तो दिवस कंटाळवाणा वाटला. फीडबॅक फॉर्मवर तसे स्पष्ट लिहून आले.

काही बाबतींत तर आकडा लहान असणे चांगले की वाईट, हेच आकड्यावरून कळत नाही. रॅगिंगविरोधी राज्याचा कायदा १९९९ चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ चे, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेली अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक महाविद्यालयात आहे. या समित्यांच्या वार्षिक अहवालात ‘प्राप्त तक्रारी : निरंक’ असे लिहिताना आपल्याला समाधान वाटते. माझ्या पाहण्यातल्या एका महाविद्यालयात सलग काही वर्षे निरंक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलींना समितीच्या अध्यक्ष कोण हे ठाऊक नव्हते, आणि तक्रारपेटी प्राचार्यांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या खुर्चीशेजारी टांगलेली होती. अशा ठिकाणी एखाद्या वर्षी तीन तक्रारी आल्या तर ती व्यवस्था सुधारल्याची खूण समजली पाहिजे. समुपदेशन कक्षाचेही तसेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतल्या १,७६४, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातल्या होत्या. ज्या राज्याची ही स्थिती आहे तिथे ‘समुपदेशन कक्ष कार्यरत आहे’ या वाक्यावर आणि मानसिक आरोग्य दिनाच्या एका व्याख्यानाच्या फोटोवर मूल्यमापन थांबावे, हे मला पटत नाही. निदान एवढे विचारता येईल की कक्षात बसणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे की मानसशास्त्राच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकेवर ते काम ढकलले आहे, कक्षाचे दार कोणत्या वेळी उघडे असते, आणि पहिल्यांदा आलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा आला का.

याच्या उलट, आपल्याच मातीत एक असा उपक्रम आहे की ज्याची परिणामकारकता दोन साध्या प्रश्नांत तपासता येते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीला जेवत. त्या काळी या ‘विद्यार्थी जीवन उपक्रमा’चे यश पाहायला कोणत्याही फॉर्मची गरज नव्हती, पंगतीत कोण कोणाशेजारी बसले आहे हे डोळ्यांना दिसत होते. आज विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते, तिच्यामागे हीच परंपरा आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, परिसराची देखभाल अशी ताशी मोबदल्याची कामे विद्यार्थी करतात. गंमत अशी की, वर उल्लेख केलेल्या अॅस्टिनचेही निरीक्षण होते की शिकता शिकता संस्थेच्या आवारातच अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी शिक्षण सोडण्याची शक्यता कमी होते, तर बाहेर पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याची वाढते. तरीही या योजनेच्या अहवालात आपण काय लिहितो? किती विद्यार्थी आणि किती रुपये वाटले. या योजनेतल्या मुलांपैकी किती जणांनी तीन वर्षांत पदवी पूर्ण केली, आणि अर्ज करूनही ज्यांना काम मिळाले नाही त्यांच्यापैकी किती जणांनी केली, या दोन आकड्यांची तुलना करायला परीक्षा विभागाचे निकालपत्र आणि योजनेची अर्जवही एवढेच लागते. दोन्ही एकाच इमारतीत असतात, बहुधा एकाच मजल्यावर.

आपल्याकडे कठोर मूल्यमापनाची परंपराच नाही, असेही म्हणता येत नाही. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, कारण त्या दर्जाची एकांकिका त्यांना आढळली नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, मुले नाराज झाली, परीक्षकांवर टीकाही झाली. निर्णय योग्य होता की नव्हता यात मी पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की महाविद्यालयीन विश्वातल्या एका मोठ्या उपक्रमाने ‘यंदा जमले नाही’ असे जाहीरपणे म्हटले आणि त्याने ती स्पर्धा बंद पडली नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात ‘अमुक उपक्रम फसला, कारण असे असे’ हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत वाचले नाही, आणि लिहिलेही नाही.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण असे की परिस्थिती बदलते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांची जी श्रेयांक, म्हणजे क्रेडिटची, रचना आली, तीत सहअभ्यासक्रमांना, ज्यांना मुले नुसते ‘सीसी’ म्हणतात, श्रेयांक आहेत. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम हे आता गुणपत्रिकेवर येऊ लागले आहेत. त्याचे मी स्वागत करते. शिबिरात राबणाऱ्या मुलीच्या श्रमाला विद्यापीठाने किंमत दिली, हे चांगलेच झाले. पण त्याचा एक परिणाम ओळखून असावे. कालपर्यंत जो आवडीने येत होता आणि जो येत नव्हता, असे दोघेही आता श्रेयांकासाठी येतील. हजेरीपत्रके भरतील, आकडे एकदम वर जातील आणि दोन-तीन वर्षांनी कोणी तरी तो आलेख पडद्यावर दाखवून सांगेल की विद्यार्थ्यांचा सहभाग कित्येक पटींनी वाढला. ती वाढ सक्तीची असेल, आणि तीवरून उपक्रमाच्या कसाविषयी काहीही ठरवता येणार नाही. पूर्वी हजेरीपत्रक निदान ओढा किती आहे हे तरी सांगत होते. आता तेवढाही उपयोग त्याचा उरणार नाही. म्हणून दुसरी मापे आत्ताच हाताशी हवीत.

ती फार खर्चिक नाहीत. प्रत्येक उपक्रमाच्या एकूण हजेरीबरोबर वर्षभरातले वेगवेगळे विद्यार्थी किती, आणि त्यांत मुली किती, बाहेरगावाहून ये-जा करणारे किती, पहिल्यांदाच आलेले किती, हे लिहावे. रोल नंबर संगणकात असल्याने हे आता दोन दुपारींचे नव्हे, दोन मिनिटांचे काम आहे. एकाही कार्यक्रमाला न आलेल्यांपैकी वीस-पंचवीस जणांची नावे दर सत्रात चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि कोणी तरी शांतपणे त्यांच्याशी बोलावे. फॉर्म देऊ नये. फॉर्मवर ते ‘वेळ नाही’ लिहून मोकळे होतात. शिबिराचा अहवाल दोन टप्प्यांत मागावा, एक लगेच आणि दुसरा वर्षाने त्याच गावात जाऊन, आणि दुसरा आल्याशिवाय पहिला पुरा धरू नये. आणि अहवालाच्या नमुन्यात ‘काय जमले नाही’ असा एक सक्तीचा रकाना असावा, तो कोरा सोडता येऊ नये. या शेवटच्या सूचनेवर माझे सहकारी हसतात. म्हणतात, तिथेही लोक ‘निधी अपुरा पडला’ एवढेच लिहितील. पहिली दोन वर्षे तसेच होईल. तिसऱ्या वर्षी कोणी तरी पावणेपाचच्या गाडीविषयी लिहील, अशी मला आशा आहे.

एक आक्षेप मला मान्य आहे. सगळेच मोजता येत नाही आणि मोजू नये. माझी एक विद्यार्थिनी तीन वर्षे भित्तिपत्रकासाठी केवळ अक्षर काढून देत असे. तिने कधी स्वतःचा मजकूर लावला नाही, कधी व्यासपीठावर आली नाही. कोणत्याही तक्त्यात तिचा सहभाग ‘अल्प’ ठरला असता. पण दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती रिकाम्या वर्गात चार्ट पेपर पसरून एकटी बसायची, आणि त्या दोन तासांत तिला कोणी हाक मारलेली तिला आवडत नसे. तिला त्यातून काय मिळाले हे मी कधी विचारले नाही. विचारायला नकोच होते असे आजही वाटते. पण तिच्यासारख्या मुलींसाठी रिकामा वर्ग आणि चार्ट पेपर उपलब्ध होता की नाही, एवढे तरी संस्थेने स्वतःला विचारायला हरकत नसावी.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. महाविद्यालयातून बातमी आली की आपल्या उपसंपादकांनी ‘बहुसंख्येने’ हा शब्द खोडून तिथे आकडा मागवावा, आणि आकडा मिळाला नाही तर ते वाक्य सरळ गाळावे. एवढ्याने माझ्यासारख्या कित्येक कार्यक्रम अधिकाऱ्यांची झोप उडेल, हे मी खात्रीने सांगते. माझ्या जुन्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनी या वर्षापासून अहवालाच्या तक्त्यात ‘पहिल्यांदाच आलेले’ असा एक रकाना स्वतःहून वाढवला आहे. त्याचे पहिले आकडे एप्रिलअखेर हाती येतील; ते कमी आले तरी आपल्याकडे पाठवायचे, असे आमचे ठरले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका